३६९ दिवसांचा हिशेब : चांद्याचे मुख्यमंत्री कन्नमवार आणि अपुरी राहिलेली कारकीर्द

१/ शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९६३. अमेरिकेतील डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्या क्षणी भारतात मध्यरात्र होती. दोन दिवसांनी, रविवारी २४ नोव्हेंबरला, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री मारोतराव सांबशिव कन्नमवार यांचे पदावर असतानाच निधन झाले. नेमक्या त्याच दिवशी डॅलसमध्ये केनेडींचा संशयित मारेकरी ऑस्वाल्डही मारला गेला. जगाचे डोळे कोणत्या बातमीकडे लागले होते, हे सांगावयास नको.

२/ केनेडी १,०३६ दिवस पदावर होते. कन्नमवार ३६९ दिवस. दोघांची कारकीर्द मृत्यूने मध्येच तोडली. एकावर आजही ग्रंथामागून ग्रंथ निघतात. दुसऱ्याचे नाव स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ‘महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री’ एवढ्या एका ओळीपुरते उरले आहे. हा धागा त्या एका ओळीमागच्या वर्षाचा ताळेबंद मांडण्यासाठी आहे. आरती ओवाळण्याचा हेतू नाही, आणि खटला चालवण्याचाही नाही.

३/ आधी भूगोल स्पष्ट करू. १९६३ साली ‘गडचिरोली जिल्हा’ नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी निर्माण झाला. तेव्हा वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत, वर्धा नदीच्या काठापासून इंद्रावतीच्या काठापर्यंत पसरलेला एकच अफाट जिल्हा होता. त्याचे नाव चांदा. म्हणून या धाग्यात ‘चांदा’ असे येईल तेथे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे समजावेत.

४/ या जिल्ह्यातील मूल तालुक्यातले मारोडा हे कन्नमवारांचे गाव. जन्म १० जानेवारी १९००. दगडमातीच्या कामावर पोट भरणाऱ्या बेलदार समाजात ते जन्मले. घरात जमीनदारी नव्हती, वकिलीची परंपरा नव्हती, मोठे शिक्षण नव्हते. काँग्रेसचे काम, वृत्तपत्राचे काम आणि स्वातंत्र्यचळवळीतील तुरुंगवास या वाटेने ते वर आले. विदर्भात आजही त्यांचा उल्लेख ‘कर्मवीर दादासाहेब’ असा होतो.

५/ चांदा तेव्हा मध्य प्रांतात होता, राजधानी नागपूर. स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेशात रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात कन्नमवार आरोग्यमंत्री झाले. नागपूर प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि कन्नमवार यशवंतराव चव्हाणांचे विश्वासू मंत्री झाले. तीन वेगवेगळ्या राज्यरचनांत काम केलेला हा माणूस होता, हे ध्यानात ठेवावे.

६/ येथे एक गाठ आहे. सुरुवातीच्या काळात कन्नमवार स्वतंत्र विदर्भाच्या बाजूचे होते. १९५५ साली फाजल अली आयोगानेही वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती शिफारस मान्य झाली नाही. कन्नमवारांनी पुढे चव्हाणांच्या बरोबरीने एकत्र राज्य स्वीकारले. काहींनी याला व्यवहारी शहाणपण म्हटले, काहींनी घूमजाव. माझे मत असे की, या प्रश्नाचे उत्तर १९५६ सालात शोधू नये. ते मुख्यमंत्रिपदाच्या ३६९ दिवसांत शोधावे. ज्यासाठी तडजोड केली ते पदरात पडले का, हीच खरी कसोटी.

७/ आता नोव्हेंबर १९६२. चीनने नेफात आपले सैन्य मागे रेटले होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि पंडित नेहरूंनी चव्हाणांना दिल्लीस बोलावले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात पोहोचले. पण सह्याद्री दिल्लीस गेल्यावर मागे राज्य कोणी चालवले, हा प्रश्न त्या वाक्यात नाही. त्याचे उत्तर कन्नमवार. २० नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली.

८/ त्याच्या आदल्याच दिवशी, १९ नोव्हेंबरला, नेहरूंनी केनेडींना दोन पत्रे लिहून अमेरिकन लढाऊ विमानांची मदत मागितली होती. अमेरिकेची शस्त्रसामग्री आणि वाहतुकीची विमाने त्या महिन्यात भारतात आली. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे ज्या संकटाने कन्नमवारांना खुर्चीवर बसवले, त्याच संकटात केनेडी भारताचे साहाय्यकर्ते होते. या दोन नावांची सांगड केवळ तारखांमुळे घातलेली नाही.

९/ अपुऱ्या राहिलेल्या कारकिर्दीचे मोजमाप कसे करावे? माझ्या मते तीन रकाने लागतात. पहिला : जे स्वतः करून दाखवले. दुसरा : जे आपल्या काळात रुजले, पण दुसऱ्याच्या काळात उगवले. तिसरा : जे करता येण्याजोगे होते आणि केले नाही. बहुतेक चरित्रे पहिल्या दोन रकान्यांची सरमिसळ करतात आणि तिसरा कोराच ठेवतात. आधी केनेडींवर हे माप लावून पाहू. तेथे पुरावा विपुल आहे.

१०/ केनेडी, पहिला रकाना. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आले. ते संकट त्यांनी युद्धाविना निभावले. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत अंशतः अणुचाचणीबंदीच्या करारावर सह्या झाल्या. १९६१ साली त्यांनी ‘पीस कोअर’ ही तरुण स्वयंसेवकांची संस्था उभी केली. ही कामे त्यांच्या हयातीत, त्यांच्या निर्णयाने झाली. येथे श्रेयाचा वाद नाही.

११/ दुसरा रकाना. चंद्रावर माणूस उतरवण्याचे लक्ष्य त्यांनी मे १९६१ मध्ये जाहीर केले. माणूस उतरला तो जुलै १९६९ मध्ये. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा कायदा त्यांनी जून १९६३ मध्ये मांडायचे ठरवले. तो संमत झाला १९६४ साली, जॉन्सन यांच्या काळात. जॉन्सन यांचे संसदीय कसब नसते तर तो कायदा झाला असता का, यावर अमेरिकेत आजही वाद होतो. तरी लोकांच्या मनात श्रेय बव्हंशी केनेडींच्या खाती जमा आहे.

१२/ तिसरा रकाना. एप्रिल १९६१ मध्ये क्युबावर निर्वासितांकरवी केलेली चढाई पूर्ण फसली. व्हिएतनाममधील अमेरिकन लष्करी सल्लागारांची संख्या त्यांच्या अखेरीस सुमारे १६,००० वर गेली. नागरी हक्कांच्या प्रश्नावर पहिली दोन वर्षे ते दक्षिणेतील मतांकडे पाहून बिचकत राहिले. मृत्यूने या रकान्यावर पडदा टाकला. ‘ते जगले असते तर व्हिएतनाममधून बाहेर पडले असते’ असे म्हणणे सोपे आहे, कारण ते खोडून काढण्याचा मार्गच उरलेला नाही.

१३/ तर केनेडींच्या बाबतीत मृत्यूने उधारी माफ केली आणि दुसऱ्यांची ठेवही खात्यात जमा केली. कन्नमवारांच्या बाबतीत मृत्यूने सगळे खातेच बंद केले. जमाही गेली, उधारीही गेली. विस्मरणात गेलेल्या माणसावर आपण अन्याय करतो, हे सर्वांनाच पटते. पण विस्मरणामुळे त्याला कोणी जाबही विचारत नाही, हे सहसा लक्षात येत नाही. आता तेच तीन रकाने चांद्याच्या मुख्यमंत्र्यांसाठी मांडू.

१४/ पहिला रकाना : सत्तांतर. महाराष्ट्र राज्य तेव्हा अवघे अडीच वर्षांचे होते. राज्य घडवणारा नेता एकाएकी दिल्लीस गेला. मागे मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ हे चार वेगवेगळ्या इतिहासांचे तुकडे एका मंत्रिमंडळात बसलेले. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या होत्या. पण मोठ्या बहुमतातच गटबाजीला जागा असते. त्या वर्षी सरकार डळमळले नाही. हे काम वर्तमानपत्राच्या मथळ्यात येत नाही, म्हणून ते लहान ठरत नाही.

१५/ याच सुमारास, १९६३ च्या ऑगस्टपासून, कामराज योजनेखाली सहा राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. मद्रासचे स्वतः कामराज, ओरिसाचे बिजू पटनाईक, उत्तर प्रदेशचे चंद्रभानू गुप्ता असे मातब्बर त्यांत होते. महाराष्ट्रात बदल झाला नाही. आता यातून ‘कन्नमवार फार प्रबळ होते’ असा निष्कर्ष काढणे अतिशयोक्तीचे होईल. दिल्लीत चव्हाण होते, हेही कारण असणार. पण मुंबईत घडी विस्कटलेली नव्हती, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

१६/ पहिलाच रकाना : जिल्हा परिषदा. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेला कायदा १ मे १९६२ पासून अमलात आला. गावची शाळा, दवाखाना, रस्ता यांचा कारभार निवडून आलेल्या जिल्हा परिषदांकडे आणि पंचायत समित्यांकडे गेला. कल्पना आणि कायदा चव्हाणांच्या काळातला. पण नव्या यंत्रणेचे पहिले पूर्ण वर्ष कन्नमवारांच्या कारकिर्दीत पडले. कायदा करणाऱ्याचे नाव राहते; तो पहिल्या वर्षी चालवणाऱ्याचे नाव कोणी लिहीत नाही.

१७/ आणि हे सगळे आणीबाणीत. २६ ऑक्टोबर १९६२ रोजी जाहीर झालेली राष्ट्रीय आणीबाणी १० जानेवारी १९६८ पर्यंत उठली नाही. म्हणजे कन्नमवारांच्या मुख्यमंत्रिपदाचा एकही दिवस आणीबाणीबाहेरचा नव्हता. देशाचा पैसा आणि लक्ष संरक्षणाकडे वळलेले. या चौकटीत नव्या योजनांना हात आखडताच राहणार. त्यांचे मोजमाप करताना ही सूट दिली पाहिजे. पण ती किती द्यायची, हे तिसऱ्या रकान्यात ठरेल.

१८/ पहिल्या रकान्यात आणखी एक नोंद हवी. मुंबईच्या सचिवालयात चांद्याच्या बेलदाराचा मुलगा मुख्यमंत्री म्हणून बसला. मुंबईतल्या सुशिक्षित वर्तुळांत त्यांच्या शिक्षणाची आणि इंग्रजीची टिंगल झाली; तसले किस्से आजही चवीने सांगितले जातात. ते किस्से मी येथे देणार नाही. खरे किती आणि रचलेले किती, हे कोणी तपासलेले नाही. तपासायचे असेल तर किश्श्यांऐवजी हे तपासावे की, शासनाची भाषा मराठी करू पाहणाऱ्या राज्यात मुख्यमंत्र्याचे इंग्रजी हा थट्टेचा विषय का झाला.

१९/ दुसरा रकाना : आयुध निर्माणी. भद्रावतीजवळची चांदा आयुध निर्माणी, भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरची निर्माणी, जळगाव जिल्ह्यातली वरणगावची निर्माणी. चीन युद्धानंतर देशाने दारूगोळ्याचे उत्पादन वाढवायचे ठरवले, त्या काळातील ही अपत्ये. विदर्भात या कारखान्यांचे श्रेय बहुधा थेट कन्नमवारांना दिले जाते. येथे थोडे थांबून विचार करावा.

२०/ आयुध निर्माणी हा केंद्राचा निर्णय. संरक्षणमंत्री चव्हाण होते, मुख्यमंत्री नव्हते. भद्रावतीची जागा सोयीची होती : सीमेपासून दूर, देशाच्या मध्यभागी, कोळशाच्या पट्ट्यात, आणि नागपूर–बल्लारशा लोहमार्गावरचे भांदक स्थानक जवळ. राज्याच्या हाती जमीन, पाणी आणि रस्ता एवढेच. मात्र दिल्लीत महाराष्ट्राचा माणूस आणि मुंबईत चांद्याचा माणूस हा योग जुळल्याने काम सुकर झाले असणे स्वाभाविक आहे. पूर्ण श्रेय देऊ नये; वाटा नाकारूही नये.

२१/ दुसऱ्याच रकान्यात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे तारापूर येते. तेथील अणुवीज केंद्रासाठी भारत–अमेरिका करार ८ ऑगस्ट १९६३ रोजी झाला. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये केनेडी होते आणि मुंबईत कन्नमवार. नोव्हेंबर संपण्यापूर्वी दोघेही नव्हते. वीज निर्माण झाली ती १९६९ साली. भारतातील पहिल्या अणुवीज केंद्राच्या कथेत भाभांचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. पण दोन अपुऱ्या कारकिर्दी एका जागी भेटल्या त्या या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, हे विसरू नये.

२२/ आता तिसरा रकाना, आणि हाच या धाग्याचा गाभा. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला शब्द दिला होता : लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत आणि शिक्षणात योग्य वाटा, दरवर्षी नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन. अधिवेशन भरू लागले. पण निधी प्रमाणात मिळतो की नाही, हे मोजणारी यंत्रणा कोठे होती? शब्द दिला होता, मोजमाप नव्हते. आणि मोजमाप नसेल तर शब्द मोडला हेही सिद्ध करता येत नाही.

२३/ ‘३६९ दिवसांत, आणीबाणीत, बिचाऱ्यांनी काय करायचे होते?’ हा आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. धरण बांधणे, लोहमार्ग टाकणे वर्षात होत नाही. त्यासाठी त्यांना दोष देणे चुकीचे. पण मोजणीला धरणाइतका पैसा लागत नाही. अनुशेष मोजण्यासाठी एक समिती नेमणे, वर्षाच्या अर्थसंकल्पाचे जिल्हावार आकडे मांडणे, ही कामे सरकारच्या एका आदेशाने सुरू होतात.

२४/ अशी समिती नेमली गेली ती १९८३ साली, प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली. १९८४ च्या तिच्या अहवालाने राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. कन्नमवारांच्या निधनानंतर दोन दशके गेली होती. वैधानिक विकास मंडळांची तरतूद १९५६ पासून घटनेच्या ३७१ (२) कलमात पडून होती. मंडळे आली १९९४ साली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदतही संपली.

२५/ दोष एकट्या कन्नमवारांचा मानणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांच्यानंतर दहा दिवस बाळासाहेब सावंत यांनी कारभार पाहिला. मग ५ डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत वसंतराव नाईक. तेही विदर्भाचे, पुसदचे. म्हणजे ते दहा दिवस वगळता सलग बारा वर्षे महाराष्ट्राचा मुख्यमंत्री वैदर्भीय होता, आणि तरी विदर्भाचा अनुशेष मोजला गेला नाही. ‘आपला माणूस खुर्चीवर बसला की आपले भले होते’ या समजुतीला याहून मोठे उत्तर मला माहीत नाही.

२६/ असे का व्हावे? माझा अंदाज असा. मागास भागातून आलेल्या नेत्याला खुर्चीवर बसताक्षणी आपण ‘सगळ्यांचे’ आहोत हे सिद्ध करावे लागते. पुण्या-मुंबईच्या नेत्याला असे प्रमाणपत्र कोणी मागत नाही. कन्नमवारांनी एकेकाळी वेगळा विदर्भ मागितलेला. त्यांच्यावर तर ही नजर अधिकच असणार. चांद्यासाठी हात सैल केला असता तर ‘जिल्ह्याचा मुख्यमंत्री’ म्हणून हिणवले गेले असते. माणूस बदलून जे साधत नाही ते नियम बदलून साधावे लागते, हा धडा तेथे होता.

२७/ तिसऱ्या रकान्यातील दुसरी नोंद जंगलाची आहे. १९५१ साली जमीनदाऱ्या संपल्या; अहेरीसारख्या अफाट जमीनदाऱ्यांतील जंगल सरकारकडे आले. गोंड-माडियांच्या गावांच्या दृष्टीने मालक बदलला एवढेच. सरपण, बांबू, मोहफूल, तेंदूपान यांवर गावाचा अधिकार कायद्याने लिहून दिला गेला नाही. निस्तारीच्या सवलतीवर भागले. जमीनदाराच्या माणसाऐवजी वनरक्षक आला. चांद्याचा माणूस आधी नागपुरात मंत्री, मग मुंबईत मुख्यमंत्री झाला, तरी ही स्थिती पालटली नाही.

२८/ ‘तेव्हा असा विचारच कोणी करत नव्हते’ असे म्हणण्याची सोय नाही. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत चांद्याच्या मतदारांनी काँग्रेसला डावलून लाल श्यामशहा या अपक्ष आदिवासी नेत्याला निवडून दिले होते. त्याच वर्षी त्याच जिल्ह्यातील सावली मतदारसंघातून कन्नमवार विधानसभेत गेले. एकाच जिल्ह्याने एकाच वर्षी दोन वेगळे कौल दिले. जंगलातला कौल काय सांगत होता, तो ऐकण्यासाठी मुख्यमंत्र्यांना दूर जाण्याची गरज नव्हती.

२९/ श्यामशहांनी आदिवासींच्या जमिनी आणि जंगले यांच्या प्रश्नावर १९६४ साली खासदारकीचा राजीनामा दिला. रिकाम्या झालेल्या जागी पोटनिवडणुकीत कन्नमवारांच्या पत्नी ताई कन्नमवार निवडून आल्या. जिल्ह्याच्या इतिहासातले हे दोन प्रवाह, काँग्रेसचा आणि जंगलाचा, येथे एका जागेवर येऊन भेटतात आणि एकमेकांशी न बोलताच पुढे जातात. या प्रसंगावर मराठीत फारसे लेखन दिसत नाही. तरुण संशोधकांनी हा विषय हाती घ्यावा.

३०/ त्या मौनाचा हिशेब पुढच्या पिढ्यांनी चुकवला. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ चा. १९८० च्या सुमारास सशस्त्र दले गोदावरी ओलांडून सिरोंचा-अहेरीच्या जंगलात शिरली, तेव्हा त्यांना तेंदूपानाची तुटपुंजी मजुरी आणि वनकर्मचाऱ्यांचा जाच हे दोन विषय आयते मिळाले. हिंसेचे समर्थन यातून होत नाही. त्यात सर्वाधिक मेला तो येथलाच आदिवासी, आणि येथलाच पोलीस. पण जमीन कोणी भुसभुशीत करून ठेवली होती, हे विचारणे इतिहासाचे काम आहे.

३१/ वनहक्क कायदा आला २००६ साली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूवर गावाची मालकी मान्य झाली. एका लहान गोंड गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवून, ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेऊन जे मिळवले, ते मुख्यमंत्रिपद मिळूनही जिल्ह्याला मिळाले नव्हते. चांद्याच्या गेल्या साठ वर्षांचा सारांश मला विचाराल तर तो या तुलनेत आहे.

३२/ तर निवाडा. कन्नमवार हे अपयशी मुख्यमंत्री नव्हते. युद्धाच्या धक्क्यात नव्या राज्याची घडी त्यांनी मोडू दिली नाही, आणि सत्तेच्या दालनात न दिसणाऱ्या थरातला माणूस ती दालने चालवू शकतो हे दाखवून दिले. पण ते चांद्याला न्याय देणारे मुख्यमंत्रीही ठरले नाहीत. वेळ कमी मिळाला हे खरे. ज्यांना भरपूर वेळ मिळाला त्यांनीही ते केले नाही, हे त्याहून खरे. त्यांच्या खात्यात मी सचोटीची जमा आणि जंगलाची उधारी, दोन्ही लिहीन.

३३/ आज त्यांचे नाव कोठे आहे? मुंबईत विक्रोळीच्या कन्नमवार नगरात हजारो कुटुंबे राहतात. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातील रेगडीच्या जलाशयाला त्यांचे नाव आहे. नाव राहिले, माणूस नाही. विक्रोळीत ‘कन्नमवार’ हा बसचा थांबा आहे. त्या आडनावातले तेलुगू वळण कोणत्या सीमाभागातून आले, हे थांब्यावर उभ्या असलेल्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

३४/ अलीकडे ‘इतिहासाने दडवलेला महानायक’ अशा मथळ्याच्या चित्रफिती फिरतात. कन्नमवारांवरही तशा निघतील. त्यांना माझा विरोध एवढ्यासाठीच की, त्यांत तिसरा रकाना नसतो. विसरलेल्या माणसाला परत आणायचे तर त्याच्या उण्यांसह आणावे. तरच तो माणूस म्हणून परत येतो. केनेडींच्या बाबतीत अमेरिकेतील इतिहासकारांनी हे काम साठ वर्षे चालवले आहे. आपल्या एका मुख्यमंत्र्यासाठी एवढे कष्ट आपण घेऊ शकतो.

३५/ सामग्री कोठे मिळेल? १९६२-६३ च्या विधानसभा आणि विधान परिषदेच्या कामकाजाचे छापील वृत्तान्त, चांदा जिल्ह्याचे गॅझेटियर, नागपूर-मुंबईच्या दैनिकांचे जुने अंक. त्या वर्षी चांद्याच्या आमदारांनी कोणते प्रश्न विचारले आणि मुख्यमंत्र्यांनी काय उत्तरे दिली, एवढे जरी कोणी नीट संकलित केले तरी या धाग्यातील माझी निम्मी मते तपासून निघतील. ती चुकीची ठरली तर मला आनंदच होईल.

३६/ मूल, सावली, सिंदेवाही, चामोर्शी, अहेरी या भागांत ज्यांची घरे आहेत त्यांना एक विनंती. घरातील ऐंशी-नव्वदीच्या आजी-आजोबांना विचारा : दादासाहेब मुख्यमंत्री झाले तेव्हा गावात काय झाले? आणि ते गेले तेव्हा? केनेडींच्या मृत्यूच्या वेळी आपण कोठे होतो हे सांगणारी अमेरिकेतली एक सबंध पिढी आहे. आपल्या जिल्ह्यातल्या त्या पिढीला हा प्रश्न कोणी विचारलेलाच नाही. उत्तरे खाली लिहा. उत्तर ‘काही आठवत नाही’ असे आले, तर तेही लिहा.

(धागा समाप्त)